सावड: कोऱ्या पाटीवरून टॉरेंट क्लायंट (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२४

रेपो उघडला, नाव ठेवलं 'सावड'. गो भाषेत बिटटॉरेंट क्लायंट (फाइली तुकड्यातुकड्यांनी एकमेकांच्या मशीनवरून घेणारा-देणारा प्रोग्राम) लिहायचा, कुठलीही तयार टॉरेंट लायब्ररी न घेता. रोजच्या वापराला ट्रान्समिशन आणि क्यूबिटटॉरेंट आहेतच, त्यांच्याशी स्पर्धा नाही. 'मध्ये कुणी नाही, सगळं थेट' असं या जाळ्यांबद्दल सर्रास म्हटलं जातं, ते कुठपर्यंत खरं आहे हे हात घालून बघायचंय. म्हणून शेवटची परीक्षा आत्ताच ठरवून टाकतो. पुण्यातल्या माझ्या लॅपटॉपवरचं एक फोल्डर नागपूरच्या मित्राच्या मशीनवर पोचलं पाहिजे. ट्रॅकर (फाइल कुणाकुणाकडे आहे ते सांगणारा सर्व्हर) नाही, क्लाउड नाही, भाड्याचा सर्व्हर नाही.

सरावाला डेबियन लिनक्सची नेटइन्स्ट आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल. टॉरेंट खुद्द डेबियनच पुरवतं, सीडर (पूर्ण फाइल जवळ असून ती वाटणारे) भरपूर, कायद्याची कटकट नाही.

जुना इतिहास एकदा उजळून घेतला. १९९९ च्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या मशीनवर होती, पण कुणाकडे काय आहे ती यादी कंपनीच्या सर्व्हरवर. खटला अंगावर आला आणि २००१ च्या जुलैत यादी बंद पडली, तिच्याबरोबर सगळंच. २००० चा ग्नुटेला दुसऱ्या टोकाला गेला. यादीच नाही, शेजाऱ्याला विचारा, तो त्याच्या शेजाऱ्यांना विचारेल. प्रश्न साधारण सात उड्यांनंतर मरायचा, पण तेवढ्यातही जाळं नुसत्या प्रश्नांनीच तुंबायचं. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणला तेव्हा शोधाचा प्रश्न त्याने घेतलाच नाही. फाइल कुठे आहे ते तुम्ही कुठूनही शोधून या, ती हजार जणांत कशी वाटायची तेवढं मी बघतो. प्रोटोकॉल टिकला तो या हात आखडता घेण्यामुळे, असं माझं मत.

७ जानेवारी

बेनकोड (टॉरेंट फाइल ज्या रूपात लिहिलेली असते ते) वाचणारा भाग झाला. प्रकार चारच: पूर्णांक, बाइटमाला, यादी, डिक्शनरी. दुपारच्या जेवणाआधी संपलं.

वेळ गेला तो इन्फोहॅशवर विचार करण्यात. टॉरेंट फाइलमधल्या 'इन्फो' भागाचा एसएचए-१ हॅश (बाइटांवरून काढलेला ठसा) हीच त्या टॉरेंटची ओळख, २० बाइटांची. तो भाग आपल्या स्ट्रक्टमध्ये (प्रोग्राममधल्या ठरावीक रकान्यांच्या साच्यात) भरून, परत लिहून हॅश काढणं सोपं वाटतं, पण मूळ फाइलमध्ये आपल्या स्ट्रक्टला ठाऊक नसलेली एखादी की असली तर परत लिहिताना ती गळते आणि ओळखच बदलते. त्यामुळे पार्सर प्रत्येक मूल्य मूळ फाइलमध्ये कुठे सुरू झालं, कुठे संपलं ते जपून ठेवतो, आणि हॅशला मूळ बाइट जसेच्या तसे जातात.

फाइल २५६ केबीच्या तुकड्यांत कापली आहे आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश आधीच दिलेला आहे. ६५० एमबी धरले तर सुमारे अडीच हजार तुकडे, प्रत्येकी २० बाइट, म्हणजे जवळपास ५० केबी. टॉरेंट फाइलचं बहुतेक वजन याच हॅशांचं. पण त्याच्या बदल्यात कुठल्याही अनोळखी माणसाकडून तुकडा घेता येतो, कारण खोटा तुकडा तपासणीत पडतो.

१३ जानेवारी

ट्रॅकरशी बोलणं जमलं. एचटीटीपी विनंतीत इन्फोहॅश, आपला पोर्ट, किती उतरवलं, किती चढवलं, एवढं सांगायचं. उत्तरात पीअरची (तीच फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या इतर मशीनची) यादी येते. हल्ली यादी आखूड रूपातच मिळते: चार बाइट आयपी, दोन बाइट पोर्ट, पुढचा पीअर.

यूडीपी ट्रॅकरही लिहून टाकला (बीईपी १५; बीईपी म्हणजे बिटटॉरेंटच्या नियमांचे क्रमांकित कागद). आधी एक कनेक्शन क्रमांक मागायचा आणि तो परत दाखवल्याशिवाय पुढचं काही होत नाही. दुसऱ्याचा आयपी चोरून नावनोंदणी करणाऱ्याला तो क्रमांक मिळणारच नाही, म्हणून ही पायरी. एचटीटीपीपेक्षा कितीतरी हलकं.

२० जानेवारी

हँडशेक (पीअरशी पहिली ओळख) ६८ बाइटांचा: १९ हा आकडा, मग १९ अक्षरांचं प्रोटोकॉलचं नाव, ८ राखीव बाइट, २० इन्फोहॅश, २० पीअर आयडी. राखीव बाइटांतल्या बिटांवरून समोरच्याला काय काय येतं ते कळतं. शेवटच्या बाइटचा शेवटचा बिट लावलेला असेल तर त्याला डीएचटी (ट्रॅकरविना पीअर शोधायची रीत, पुढे येईलच) येतं.

पहिला ब्लॉक आला. तुकडा २५६ केबीचा असला तरी मागायचा १६ केबीच्या घासांनी. एक मागितला, आला, मग दुसरा मागितला अशी रांग लावली की वेग रांगतो. युरोपातला पीअर, जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद धरा. एका फेरीला १६ केबी, म्हणजे सेकंदाला शंभर-एक केबी, मग घरची लाइन कितीही मोठी असो. दहा विनंत्या एकदम हवेत ठेवल्या की त्याच पीअरकडून सेकंदाला एमबी येतो. बाकी कशाला हात न लावता. कोहेनने २००३ च्या लेखात पाच विनंत्या प्रलंबित ठेवायला सांगितलं होतं; आजच्या लाइनींना ते फारच थोडं पडतं. मी आकडा पीअरच्या वेगाप्रमाणे वाढता ठेवला.

२८ जानेवारी

कुठला तुकडा आधी? जो सगळ्यांत कमी लोकांकडे आहे तो. प्रत्येक पीअर आल्याबरोबर आपल्याकडे काय आहे त्याचा बिटफील्ड पाठवतो, पुढे नवा तुकडा मिळाला की 'हॅव्ह' कळवतो. त्यावरून मोजदाद. एकुलता एक सीडर मध्येच उठून गेला तरी दुर्मीळ तुकडे तोवर चार ठिकाणी पोचलेले असावेत, हा हिशोब. अपवाद अगदी सुरुवातीचा: पहिला तुकडा कुठलाही घ्यायचा, कारण दुर्मीळ तुकडा सावकाश येतो आणि हातात काहीच नसलेल्याला देवाणघेवाण सुरू करता येत नाही.

शेवटच्या काही ब्लॉकसाठी एंडगेम: उरलेलं सगळ्यांकडे मागायचं, एकाकडून आलं की बाकीच्यांना 'कॅन्सल'. आयएसओ पूर्ण उतरली, डेबियनच्या साइटवरच्या चेकसमशी जुळली. संध्याकाळी मिसळ.

४ फेब्रुवारी

आज चोकिंग, म्हणजे कुणाला द्यायचं आणि कुणाला थांबवायचं. प्रोटोकॉलचा जीव इथे आहे.

गावाकडे सावड करतात तसंच. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. पैसा कुठे येत नाही, पण कोण आलं आणि कोण नाही हे सगळ्यांच्या पक्कं लक्षात असतं. इथे लक्षात ठेवायची मुदत दहा सेकंदांची. दर दहा सेकंदांनी बघायचं की मला सध्या कोण चांगल्या वेगाने देतंय, आणि वरच्या चौघांना उघडं ठेवायचं. बाकीचे चोक. शिवाय दर तीस सेकंदांनी एक जागा कुणालाही, त्याने काही दिलेलं असो-नसो. नव्याने आलेल्याला तिथे इतरांच्या तिप्पट संधी. ही फुकटची जागा नसती तर रिकाम्या हातांनी आलेला कायम दारातच उभा राहिला असता, आणि आपल्यालाही सध्याच्या चौघांपेक्षा चांगला जोडीदार कधी सापडला नसता.

हे सगळं कुठल्याही पंचाविना चालतं. कुणाचं खातं कुठे ठेवलेलं नाही. मी फक्त माझ्या कनेक्शनवर काय आलं तेवढंच मोजतो. दुसऱ्याने तिसऱ्याला काय दिलं याची मला माहिती नाही आणि गरजही नाही.

फसवणूक होते का? होते. २००६ मध्ये झुरिचच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी बिटथीफ नावाचा क्लायंट करून दाखवला. तो काहीच चढवत नाही, फक्त भरपूर लोकांशी जोडून घेतो आणि त्या फुकटच्या जागांवर व सीडरांच्या औदार्यावर पूर्ण फाइल उतरवतो. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातून बिटटायरंट आला. तो देतो, पण समोरच्याने उघडं ठेवावं एवढ्यापुरतंच, मोजून. तरीही जाळं कोसळलं नाही. माझा अंदाज: बहुतेक लोक क्लायंटची सेटिंगं उघडूनही बघत नाहीत, म्हणून. व्यवस्था हुशारीवर कमी आणि आळसावर जास्त उभी आहे.

सीडर झाल्यावर हिशोब उलटतो. मला कुणाकडून काही नको, तेव्हा जो वेगाने घेऊ शकतो त्याला द्यायचं.

१० फेब्रुवारी

अनेक फाइलींचा टॉरेंट. तुकडे फाइलच्या सीमा मानत नाहीत. एका तुकड्यात पहिल्या फाइलचं शेपूट आणि दुसरीचं डोकं येऊ शकतं. नावांतले '..' आणि सुरुवातीचे स्लॅश आधीच फेकायचे, नाहीतर परका टॉरेंट आपल्या डिस्कवर हवं तिथे लिहील.

खरी मजा देवनागरी नावांची. चाचणीला सह्याद्रीतल्या फोटोंचं फोल्डर घेतलं, नाव 'दऱ्या-डोंगर'. मित्राने त्याच फोटोंचा टॉरेंट त्याच्याकडे बनवला. फोटो बाइटन्‌बाइट तेच, पडद्यावर नाव तेच, इन्फोहॅश वेगळा. कारण हा 'ऱ' युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो (तीन बाइट) किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता (सहा बाइट). त्याशिवाय र, हलन्त आणि झेडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) अशी तिसरीही रीत आहे. फोल्डरचं नाव 'इन्फो' भागात येतं, म्हणून नावाचे बाइट बदलले की हॅश बदलला, आणि हॅश बदलला की दोन वेगळे स्वार्म (एकच टॉरेंट वाटणाऱ्यांचे घोळके). एकाच फोटोंचे सीडर एकमेकांना ओळखतही नाहीत.

टॉरेंट बनवताना 'सावड' आता नावं एनएफसी रूपात (युनिकोडच्या ठरलेल्या एकत्र रूपात) आणतं. त्याने पहिल्या दोन रीती एक होतात, झेडब्ल्यूजेची वेगळीच राहते; ती तिसरी मी हाताने हाताळतो. दुसऱ्याचा टॉरेंट वाचताना मात्र नावाला हात लावायचा नाही. आणखी एक: एक्स्ट४ वर (लिनक्सच्या फाइलव्यवस्थेवर) फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे ८५ चिन्हं, त्यातही मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. लांबलचक मराठी नावं द्यायची सवय असलेल्यांनी सांभाळून.

बिटटॉरेंटची दुसरी आवृत्ती (बीईपी ५२) इथे उपयोगाची. तिच्यात एसएचए-२५६ आहे आणि प्रत्येक फाइलचं स्वतंत्र मर्कल झाड (हॅशांचे हॅश काढत एकावर येणारं), ज्याचं मूळ फक्त मजकुरावर ठरतं. नावं वेगळी असली तरी फाइल तीच हे निदान ओळखता येतं. २०१७ च्या फेब्रुवारीत गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने एकाच एसएचए-१ चे दोन वेगळे पीडीएफ दाखवल्यापासून हॅश बदलायचाच होता. 'सावड'मध्ये आत्ता घेत नाही.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, सगळा दिवस डीएचटीला दिला. ट्रॅकर काढायचा तर 'या इन्फोहॅशचे पीअर कोण' याची यादी कुठेतरी राहिलीच पाहिजे. ती सगळ्यांत थोडी थोडी वाटायची.

मूळ कल्पना कॅडेमलियाची, पेटार मायमुन्कॉव्ह आणि डेव्हिड मॅझिएर्स यांचा २००२ चा लेख. प्रत्येक नोडला (जाळ्यातल्या मशीनला) १६० बिटांचा क्रमांक, इन्फोहॅशही १६० बिटांचा. दोघांतलं 'अंतर' म्हणजे त्यांचा एक्सऑर (कुठले बिट वेगळे आहेत ते). भूगोलाशी काही संबंध नाही. नागपूरचा नोड आणि ब्राझीलमधला नोड या अंतराने शेजारी असू शकतात. ज्या नोडांचे क्रमांक इन्फोहॅशच्या सर्वांत जवळ, त्यांनी ती यादी सांभाळायची. प्रत्येक नोड जवळचे शेजारी बरेच आणि लांबचे थोडे ओळखतो, दर बादलीत (अंतराच्या गटात) आठ. लांबच्याला विचारलं की तो आणखी जवळचे सांगतो. दर पावलाला निदान एक बिट जुळतो, त्यामुळे एक कोटी नोड असले तरी चोवीस पावलांच्या आत पोचायला हवं. प्रत्यक्षात याहून लवकर पोचतं. ग्नुटेलाने जे आरडाओरडा करून करायचा प्रयत्न केला ते इथे चौकशी करत करत होतं.

संदेश चारच: पिंग, फाइंड-नोड, गेट-पीअर्स, अनाउन्स-पीअर. नाव नोंदवायच्या आधी त्या नोडने दिलेलं टोकन परत दाखवावं लागतं, यूडीपी ट्रॅकरसारखंच कारण. हे टोकन दहा मिनिटांपर्यंतच चालतं.

आता मुद्द्याचं. ओळखीच्या नोडांचं टेबल रिकामं असताना पहिला प्रश्न कुणाला विचारायचा? प्रत्येक क्लायंटमध्ये दोन-चार पत्ते कोरलेले असतात. मी राउटर डॉट बिटटॉरेंट डॉट कॉम आणि ट्रान्समिशनवाल्यांचा असे दोन घातले. त्यांना फाइलींशी देणंघेणं नाही, ते फक्त ओळख करून देतात. पण जगातल्या नव्या नोडांची पहिली ओळख बहुतेक या मूठभर पत्त्यांवरून होते. मध्ये कुणी नाही म्हणता म्हणता एक द्वारपाल सापडला.

२५ फेब्रुवारी

मॅग्नेट दुवे. दुव्यात इन्फोहॅश तेवढा असतो, १६-आधारी ४० अक्षरं. बाकी 'इन्फो' भाग पीअरकडूनच १६ केबीच्या घासांनी मागायचा (बीईपी ९) आणि शेवटी हॅश जुळतो का बघायचं. जुळला नाही तर सगळं फेका.

पायरेट बे या टॉरेंटच्या साइटने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये आपला ट्रॅकर कायमचा बंद करून डीएचटी आणि मॅग्नेटवर भिस्त ठेवली, आणि २०१२ मध्ये टॉरेंट फाइलींऐवजी मॅग्नेट दुवे द्यायला लागले. त्यांचं बाकीचं काहीही असो, या निर्णयाने डीएचटीला मोठी परीक्षा द्यावी लागली आणि ते उत्तीर्ण झालं.

९ मार्च

नागपूरची पहिली चाचणी. दोघांचे नोड डीएचटीत, दोघांना एकमेकांचा पत्ता मिळाला, जोडणी शून्य. मित्राचा मेसेज: "बे, तुझं सावड काही सुरू होऊन नाही राहिलं."

माझ्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० पॉइंट ७२ ने सुरू होतो. म्हणजे १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ हा पट्टा, जो २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखला गेला: सेवा देणाऱ्या कंपनीच्या आतलं नॅट, सीजीनॅट. आयपीव्ही४ चे पत्ते संपले, म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं. यूपीएनपीने माझा राउटर पोर्ट उघडतो, पण वरचा कंपनीचा दरवाजा माझ्या हातात नाही. मित्राकडेही तेच. आम्ही दोघं बाहेर जाऊ शकतो, कुणी आत येऊ शकत नाही, आणि जोडणीला निदान एकाने तरी दार उघडायला हवं.

डेबियनची आयएसओ मग कशी उतरत होती? समोर सार्वजनिक पत्त्याची माणसं होती म्हणून. स्वार्ममध्ये नॅटमागचे दोघे एकमेकांना सहसा थेट भेटत नाहीत. त्यांचे तुकडे उघड्या पत्त्याच्या तिसऱ्याकडून फिरत येतात. अशा नोडांनी डीएचटीत 'मी फक्त विचारणारा, मला टेबलात घेऊ नका' असं सांगायची सोयही आहे (बीईपी ४३). नेमाने बघितलं तर आपल्याकडची बरीच घरं त्याच रांगेत बसतील. कागदावर सगळे सारखे. ज्याच्याकडे सार्वजनिक पत्ता, तो जरा जास्त सारखा.

मित्र म्हणाला, मुंबईत एक व्हीपीएस घे, दोघं तिकडे जोडू. लगेच चालेल, मला माहीत आहे. पण मग नॅपस्टरपासून एवढं लांब येऊन भाड्याच्या मशीनपाशीच थांबल्यासारखं होईल.

१७ मार्च

घरातल्या घरात चाचणी: लोकल सर्व्हिस डिस्कव्हरी (बीईपी १४). २३९.१९२.१५२.१४३ या मल्टिकास्ट पत्त्यावर, ६७७१ पोर्टला, 'माझ्याकडे हा इन्फोहॅश आहे' अशी हाळी द्यायची. लॅपटॉप आणि जुना रास्पबेरी पाय लगेच भेटले. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी फाइल गेली. सगळ्या प्रकल्पात पूर्णपणे मध्यस्थाविना चाललेली ही पहिली गोष्ट, आणि ती एकाच छताखाली.

२४ मार्च

चढवण्याचा वेग मोकळा सोडला की घरातले व्हिडिओ कॉल गुदमरतात. राउटरच्या रांगेत आपलीच पाकिटं तुंबतात. यावर उतारा यूटीपी (बीईपी २९): पाकिटाला मायक्रोसेकंदांचा शिक्का, एका बाजूची दिरंगाई मोजायची, ती १०० मिलिसेकंदांच्या पुढे सरकायला लागली की आपण होऊन मागे हटायचं. हीच कल्पना लेडबॅट नावाने आरएफसी ६८१७ मध्ये आली. सुंदर आहे, पण म्हणजे यूडीपीवर अख्खा टीसीपी पुन्हा लिहिणं. नॅट फोडायचा होलपंच विस्तार (बीईपी ५५) यूटीपीवरच चालतो, तेव्हा कधीतरी लिहावं लागेल. आज नुसती वेगमर्यादा घातली. बायकोने कॉल पूर्ण केला, तक्रार नाही.

९ एप्रिल

पाडव्याची सुट्टी. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, तिच्यात पत्ते भरपूर) भिडवलं. दोन्ही घरांना आयपीव्ही६ चे सार्वजनिक पत्ते आहेत, नॅट नाहीच. आडवा येतो तो राउटरचा फायरवॉल, जो बाहेरून येणारं सगळं मुकाट टाकून देतो. माझ्या राउटरवर ते पानच कंपनीने लपवलंय. मित्राच्या राउटरवर आहे. त्याने एक पोर्ट उघडला. एका बाजूने उघडलं की पुरतं. जोडणी पुण्याहून सुरू होते आणि त्याच जोडणीवरून माझ्या फाइली नागपूरला जातात.

आयपीव्ही६ चं डीएचटी वेगळं असतं (बीईपी ३२), नोडची नोंद २६ ऐवजी ३८ बाइटांची. ते जोडलं. शिवाय मॅग्नेट दुव्यातच पीअरचा पत्ता घालायची सोय आहे, 'एक्स डॉट पीई'. मित्राचा पत्ता त्यात घातल्यावर माझ्या क्लायंटला ना कोरलेले पत्ते लागले, ना डीएचटी. 'दऱ्या-डोंगर' पूर्ण गेलं, सगळे तुकडे तपासून. डीएचटी६ मार्गेही गेलं, थोडं थांबून.

दुवा मात्र आम्ही एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. मित्राच्या हे लक्षात आलं आणि तो बराच वेळ हसत होता.

उरलेली कामं: रूटिंग टेबल बंद करताना डिस्कवर ठेवणं, म्हणजे कोरलेल्या पत्त्यांकडे फक्त पहिल्यांदाच जावं लागेल. आयपीव्ही६ चा प्रीफिक्स (पत्त्याचा पुढचा भाग) बदलला की डीएचटीत लगेच नव्याने नोंद. त्यानंतर यूटीपी, म्हणजे ज्यांच्या राउटरवर ते पानच नाही अशा दोन घरांसाठी होलपंच लिहिता येईल. तिथेही सुरुवातीला तिसरा एक पीअर लागतोच, दोघांना एका वेळी हाक मारायला. फाइलचा एक बाइटही त्याच्यातून जात नाही, एवढं चालवून घेईन.